इंजिन सुरू होत नाही : आधी निदान, मग पाना



आर्द्रा नक्षत्राचा पाऊस लागून राहिला, राबावरील रोपे वीतभर वाढली आणि खाचरांत पाणी तुंबले, म्हणजे ठाणे जिल्ह्यातील भातशेतकऱ्याला उसंत म्हणून राहत नाही. भिवंडी तालुक्यात पूर्वी चिखलणीचे काम बैलजोडीवर होत असे. आता बैल थोडे राहिले असून बहुतेक गावांत हे काम ट्रॅक्टरने किंवा पॉवर टिलरने होते. एकेका ट्रॅक्टरवर पाचसहा घरांची आवणी अवलंबून असते. रोप तयार असते, मजूर बोलावलेले असतात, पाणीही खाचरात असते. आणि नेमक्या त्या सकाळी इंजिन सुरू होत नाही. अशा वेळी काय करावे व त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याचा विचार या लेखात केला आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी जुलैच्या पहिल्या आठवड्यात अंबाडीच्या बाजूच्या एका गावी मी पीकपाहणीसाठी गेलो होतो. तेथे एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर तीन दिवसांपासून बांधावर उभा होता. फेब्रुवारीत कामे आटोपल्यावर तो मांडवात ठेवलेला होता, आणि पाऊस पडल्यावर बाहेर काढताना सुरूच होईना. पहिल्या दिवशी घरच्या मंडळींनी सेल्फ मारमारून बॅटरी उतरवली. दुसऱ्या दिवशी दहाजणांनी तो उतारावरून ढकलला. मला विचारले तेव्हा मीही फारसा विचार न करता बॅटरीकडेच बोट दाखविले. भाड्याची चांगली बॅटरी आणली, सेल्फ जोरात फिरू लागला, तरी इंजिन गप्पच. शेवटी बोलाविलेल्या कारागिराने 'पंप गेला' असे सांगून डिझेल पंप उतरविला आणि शहरात दुरुस्तीला नेला.

पंप आठ दिवसांनी परत आला. त्यात दोष काहीच निघाला नव्हता. तपासणीचे पैसे मात्र द्यावे लागले. पंप बसवूनही इंजिन सुरू झाले नाही. त्या वेळी शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याने सहज विचारले, "सेल्फ मारताना नळीतून धूर येतो का रे?" धूर येत नव्हता, आणि तोवर तो कोणी पाहिलाही नव्हता. मग टाकीपासून तपासणीस आरंभ केला. गाळणीच्या वाटीत अर्धे पाणी होते आणि त्यावर शेवाळासारखा बुळबुळीत थर साचला होता. वाटी व टाकी साफ केली, गाळणी बदलली, नळीतील हवा काढली, आणि पाऊण तासात इंजिन सुरू झाले.

तोपर्यंत राबावरील 'कर्जत-३' ची रोपे पस्तीस दिवसांची झाली होती. हळव्या जातीचे रोप साधारणतः एकवीस ते पंचवीस दिवसांचे असताना लावणे योग्य. त्याहून जून रोप लावल्यास फुटवे कमी येतात व उत्पन्नात घट होते. ती घट पंपाच्या बिलापेक्षा पुष्कळ मोठी होती. दोष पाण्याच्या चार थेंबांचा होता. नुकसान मात्र तपासणीचा क्रम चुकल्यामुळे झाले.

डिझेल इंजिनाला हवे तरी काय?

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते आणि इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९३ मध्ये ज्या इंजिनाचे पेटंट मिळविले आणि १८९७ मध्ये जे यशस्वीपणे चालवून दाखविले, त्याचे तत्त्व असे की हवा अतिशय जोराने दाबली म्हणजे ती आपोआप तापते. सायकलच्या पंपाने चाकात हवा भरताना पंपाचे तोंड हाताला गरम लागते, हा आपल्या सर्वांच्या अनुभवातला पुरावा होय. इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या भागाएवढी दाबली जाते. त्यामुळे तिचे उष्णतामान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अशा तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते स्वतःच पेट घेते.

यावरून ध्यानात येईल की इंजिन सुरू होण्यास तीनच गोष्टी लागतात. पहिली, इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे. दुसरी, स्वच्छ डिझेल योग्य वेळी नोझलपर्यंत पोहोचले पाहिजे. तिसरी, हवा आत येऊन ती नीट दाबली गेली पाहिजे. इंजिन सुरू होत नाही याचा अर्थ या तिहींपैकी एक तरी गोष्ट नाही. कोणती नाही हे ठरविणे यालाच निदान म्हणावे. वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. तद्वत निदानावाचून पाना हाती घेऊ नये.

पहिली पायरी : इंजिन फिरते का?

किल्ली फिरविल्यावर नुसता 'टक' असा आवाज येऊन थांबत असेल, किंवा समोरचे दिवे एकदम मंद होत असतील, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडण्यांत आहे. प्रथम टर्मिनल पाहावीत. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असल्यास खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून, घट्ट आवळावीत. टर्मिनल सोडताना ऋण बाजू आधी सोडावी व जोडताना शेवटी जोडावी, म्हणजे पाना लोखंडाला लागून ठिणगी पडत नाही. बॅटरीची अर्थची तार जेथे सांगाड्याला जोडलेली असते, तेथे चिखल व गंज साचतो. ती जागाही घासून घ्यावी. पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२·६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खाली असल्यास ती भारित करून घ्यावी.

किल्ली फिरवूनही अगदीच शांतता असेल, तर क्लच पूर्ण दाबलेला आहे का व गिअर मोकळा आहे का, हे पाहावे. पुष्कळ ट्रॅक्टरांत या दोन्हींवाचून सेल्फला वीज मिळतच नाही. उन्हाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर तारा कुरतडतात, हेही विसरू नये.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन वेळांमध्ये अर्धा मिनिट तरी विश्रांती द्यावी. लागोपाठ मारल्याने बॅटरी उतरते आणि सेल्फही जळतो. मग एका दोषाचे तीन दोष होतात.

एक महत्त्वाचा इशारा. इंजिन जाम असून मुळीच फिरत नसेल, आणि ते पुराच्या पाण्यात बुडालेले असेल, तर सेल्फ मारू नये, हँडलने जोर करू नये व ढकलूही नये. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत ठाणे जिल्ह्यातील असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. कामवारीच्या काठच्या सखल भागात पाणी शिरण्याचा प्रसंग अन्य वर्षीही येतो. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सिलिंडरात पाणी असताना इंजिन फिरविल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. असे इंजिन प्रथम नोझल उतरवून पाणी काढण्यासाठी जाणकाराच्या हवाली करावे, आणि ऑइल पूर्ण बदलावे.

दुसरी पायरी : धूर पाहावा

इंजिन चांगले फिरते, पण पेट घेत नाही, अशा वेळी एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे बघावे. हा तपास फुकटचा आहे, त्यास हत्यार लागत नाही, आणि निम्मे निदान त्यातच होते.

धूर मुळीच नाही : डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. टाकीपासून पुढे शोध घ्यावा. वर सांगितलेल्या अनुभवात हीच खूण होती.

पांढरट धूर व नाकाला झोंबणारा डिझेलचा वास : डिझेल पोहोचते पण पेटत नाही. हवा पुरेशी तापत नाही, डिझेलात पाणी आहे, किंवा फवारा चुकीच्या वेळी पडतो. थंड सकाळी हीटर प्लग न तापल्यासही असेच होते.

काळा धूर, धडपड, पण इंजिन धरत नाही : डिझेल येते पण हवा कमी पडते. एअर क्लीनर तुंबला आहे, अथवा हवेच्या नळीत किंवा सायलेन्सरमध्ये अडथळा आहे. उन्हाळ्यात उघड्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते; ते काढून टाकावे.

तिसरी पायरी : टाकीपासून नोझलपर्यंत

धूर नसल्यास प्रथम इंजिन बंद करण्याची कळ पाहावी. ती ओढलेलीच राहणे, किंवा तिची तार गंजून अडकणे, हा हसण्यावारी नेण्यासारखा पण नेहमी आढळणारा दोष आहे. केबल हाताने सोडून पंपावरील दांडा पूर्ण मागे येतो की नाही, याची खात्री करावी. त्यानंतर टाकीत डिझेल आहे का, टाकीचा कॉक उघडा आहे का आणि झाकणातील वायुछिद्र मोकळे आहे का, हे पाहावे. हे छिद्र चिखलाने बुजल्यास टाकीत पोकळी निर्माण होऊन डिझेल पुढे सरकत नाही. अशा वेळी झाकण काढताच 'सूंऽ' असा आवाज होतो व इंजिन थोडा वेळ चालते.

मग पाण्याची परीक्षा करावी. गाळणीच्या तळचा स्क्रू सैल करून पेलाभर डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे व अर्धा तास स्थिर ठेवावे. एक लिटर डिझेल सुमारे ८३० ते ८५० ग्रॅम भरते, पाणी एक किलो भरते. म्हणून पाणी तळाशी बसते व दोहोंमधील रेषा स्पष्ट दिसते. अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, रात्री पत्रा थंड झाला की तिचे दव जमते, आणि महिनोन् महिने साचून ते तळाशी पाणी होते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून बुळबुळीत मळी धरते. तीच गाळणी बंद करते. कॅनमधून भर पावसात डिझेल ओतणे हे पाण्याचे दुसरे कारण होय.

पाणी आढळल्यास टाकीचा तळ पूर्ण रिता करावा, वाटी धुवावी व गाळणी नवीन बसवावी. जुनी गाळणी धुऊन पुन्हा वापरणे ही काटकसर नव्हे. तिच्यातून सुटलेला कण नोझलचे सूक्ष्म छिद्र बंद करतो.

गाळणी उघडली की नळीत हवा शिरतेच. कारागीर याला 'एअर धरली' असे म्हणतात. हवा दाबली जाते, त्यामुळे पंप हवेवरच काम करीत राहतो व नोझल उघडतच नाही. जुन्या पद्धतीच्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात हवा पुढील क्रमाने काढावी.

१. गाळणीवरील स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातदांडा चालवावा. आधी फेस येईल, मग बुडबुड्यांविना सलग धार येईल. धार वाहत असतानाच स्क्रू आवळावा.

२. दुसरी गाळणी असल्यास तिच्यावर तसेच करावे.

३. डिझेल पंपावरील स्क्रूवरही तसेच करावे.

४. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून, थ्रॉटल पूर्ण ठेवून, सेल्फ मारावा. प्रत्येक नळीतून थेंब उसळू लागले की नट आवळावेत.

हे करताना तोंड व हात नळीपासून दूर ठेवावेत. नोझलचा फवारा अतिशय दाबाचा असतो. तो कातडी भेदून शरीरात शिरू शकतो, आणि अशी इजा वरून लहान दिसली तरी तातडीने रुग्णालयात नेण्यासारखी असते. सांडलेले डिझेल पुसावे व जवळ बिडी ओढू नये.

हवा काढल्यावर इंजिन सुरू होते आणि दहा मिनिटांनी पुन्हा बंद पडते, असे झाल्यास हवा कोठून तरी पुन्हा शिरत आहे. टाकी व फीड पंप यांच्यामधील नळी शोषणाची असल्याने तेथील फट बाहेर डिझेल गाळत नाही, उलट हवा आत ओढते. म्हणून नळी कोरडी दिसली तरी ती निर्दोष समजू नये. तांब्याचे वॉशर बदलावेत, क्लिपा आवळाव्यात, तडकलेली रबरी नळी टाकून द्यावी. खात्री करण्याचा सोपा उपाय असा: स्वच्छ डिझेलचा छोटा डबा उंचावर टांगून त्याची नळी थेट फीड पंपाला जोडावी. इंजिन व्यवस्थित चालल्यास दोष टाकीत वा नळीत आहे. न चालल्यास तो पुढे आहे. अर्ध्या वाटेवर अशी परीक्षा केल्याने निम्मा शोध वाचतो.

चौथी पायरी : दाब

डिझेल पोहोचते, हवा मोकळी आहे, सेल्फही जोरात फिरतो, तरी पांढरा धूर येऊन इंजिन पेटत नसेल, तर दाबाचा संशय घ्यावा. हँडलच्या एक-सिलिंडर पंपाच्या इंजिनात हे हाताला कळते. निरोगी इंजिनात डिकॉम्प्रेशनचा दांडा पाडताच हँडलला ठाम अडथळा लागतो. तो न लागल्यास व्हॉल्व नीट बसत नाहीत किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. टॅपेटची फट उरली नसल्यास व्हॉल्व किंचित उघडाच राहतो. हा दोष थोडक्यात दुरुस्त होतो. ऑइल अधिक खाणे, ब्रीदरमधून धूर येणे, आणि सकाळी त्रास पण दुपारी नाही, ही झिजेची लक्षणे होत. हँडल धरताना अंगठा मुठीभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवावा. उलट फटक्याने मनगट मोडण्याचे प्रसंग घडतात.

डिझेल पंप आणि नोझल यांची तपासणी सर्वांत शेवटी. त्यांचे भाग केसाहून बारीक मापाने जुळविलेले असतात. ते झाडाखाली उघडू नयेत. योग्य यंत्र असलेल्या ठिकाणीच ते नेले पाहिजेत. पण तेथे नेण्यापूर्वी वरील तीन पायऱ्या पूर्ण झालेल्या असाव्यात.

जीप व पिकअपसंबंधी

भाजीपाला कल्याण वा वाशीच्या बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्यांकडे डिझेल पिकअप असतात. त्यांनाही वरील तत्त्व लागू आहे, मात्र चार गोष्टी अधिक पाहाव्यात. किल्ली अर्धी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावे. जुन्या पंपाच्या गाडीत किल्ली लावताना पंपावरील सोलेनॉइडचा 'टक' आवाज येतो का, हे ऐकावे. न आल्यास त्याची तार तपासावी. किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असल्यास गाडीने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली वापरून पाहावी. नव्या संगणक-नियंत्रित गाड्यांत डिझेलचा दाब १,००० बारहूनही पुष्कळ अधिक असतो. तेथे नोझलचे नट सैल करून हवा काढण्याची जुनी रीत कदापि वापरू नये. गाळणीतील पाणी काढावे, बॅटरी पाहावी. पुढचे काम यंत्र लावून दोषसंकेत वाचणाऱ्याचे.

हवेच्या नळीशी पेट्रोलची चिंधी धरणे किंवा ईथरचा फवारा मारणे हा उपाय पुष्कळ ठिकाणी केला जातो. तो घातक आहे. हीटर असलेल्या इंजिनात त्याने स्फोट होऊन पिस्टन फुटतो, माणूस भाजतो, आणि मूळ दोष जेथल्या तेथे राहतो.

पावसाळ्यापूर्वीची काळजी

यंत्र उभे करून ठेवताना टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे दव धरण्यास जागा उरत नाही. बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी व महिन्यातून एकदा ती भारित करावी. सायलेन्सरवर डबा उपडा घालावा. पंधरा दिवसांतून एकदा इंजिन चांगले गरम होईपर्यंत चालवावे. डिझेल बारीक जाळीच्या गाळणीतून ओतावे; धागे सुटणारे फडके वापरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. रोहिणी नक्षत्र लागताच, म्हणजे मेच्या अखेरच्या आठवड्यात, गावातील सर्व ट्रॅक्टर, टिलर व पंप एका दिवशी एका ठिकाणी सुरू करून पाहावेत. जे सुरू होणार नाहीत, त्यांच्या दुरुस्तीस हाती दोन आठवडे उरतात. कोणत्या यंत्रात काय आढळले, याची नोंद वहीत ठेवावी. दोन-तीन वर्षांत ती वहीच गावाची उत्तम मार्गदर्शिका होईल. चिखलणीच्या दिवसांत भिवंडीच्या महामार्गावरील कारागीर मालमोटारींत गुंतलेला असतो. तो बांधावर येण्याची वाट पाहण्यात रोप जून होते.

आणि इतके करूनही उशीर झालाच, तर जून रोप तसेच लावू नये. एका चुडात दोनतीनऐवजी चारपाच रोपे घ्यावीत आणि अंतर कमी करून १५ × १५ सेंटिमीटरवर लावावे. कमी फुटव्यांची तूट त्यामुळे काही अंशी भरून निघते. वर सांगितलेल्या शेतकऱ्याने अखेर असेच केले. पुढल्या वर्षी रोहिणीत त्याने गाळणीची वाटी स्वतः उघडली, पाणी काढले आणि मृगात ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू झाला. त्याच्या मांडवाच्या खांबावर आता खडूने चार शब्द लिहिलेले आहेत : फिरते का, धूर, डिझेल, दाब. प्रत्येक शेतकऱ्याने हे चार शब्द याच क्रमाने ध्यानात ठेवावेत.